गाडी सुरू होऊ नये म्हणून

दुपारी गिऱ्हाइकांची वर्दळ ओसरली तेव्हा इनायत गॅरेजच्या दारात येऊन उभी राहिली. मुलींच्या शाळेत ती भूगोल शिकवायची आणि शाळा सुटली की सरळ घरी जायची. वाटेत कुठे थांबण्याची तिला सवय नव्हती. गॅरेजचा मेकॅनिक उस्ता सिद्कीनं तिला पाहिलं आणि हातातला पाना खाली ठेवला.

"हाजी बरे आहेत ना?"

"बरे आहेत. जेवून झोपलेत." ती आत आली, पण स्टुलावर बसली नाही. "सिद्कीकाका, एक काम होतं. बाबांची गाडी बिघडवून द्या."

हात पुसायला घेतलेलं फडकं सिद्कीच्या हातात तसंच राहिलं. मन्सूरातल्या त्या गल्लीत त्याची उभी हयात गेली होती. लोक गाड्या ढकलत आणत, दोरीनं ओढत आणत, एकानं तर गाढव जुंपून आणली होती, आणि सगळ्यांचं मागणं एकच असे. हे मागणं नवीन होतं.

"बस आधी," तो म्हणाला.

हाजी मितवल्ली म्हणजे इनायतचे वडील. चाळीसेक वर्षं त्यांनी मन्सूरा ते कैरो या रस्त्यावर सात सवाऱ्यांची प्यूजो चालवली होती. धंदा सोडला तरी गाडी सोडली नव्हती. घरासमोर ती ताडपत्रीखाली उभी असे. रोज सकाळी हाजी खाली उतरत, ताडपत्री काढत, इंजिन सुरू करून गरम करत आणि बंद करून वर येत. गेल्या वर्षापासून मात्र त्यांच्या डोक्यातल्या गोष्टी एकेक करून निसटायला लागल्या होत्या. आधी शेजाऱ्यांची नावं, मग मशिदीचा रस्ता, मग बायको वारली आहे ही गोष्ट. आणि गेल्या आठवड्यात ते पहाटे गाडी घेऊन थेट स्टँडवर गेले होते.

"कैरो, कैरो असं ओरडून त्यांनी सात माणसं भरली," इनायत म्हणाली. "पांढरी टोपी, स्वच्छ गाडी, कोण संशय घेणार? मीत घम्र गावाच्या अलीकडे त्यांनी शेजारच्या सवारीला विचारलं, आपण कुठं चाललोय? लोक हसले. त्यांना वाटलं, हाजी गमत्या आहे. पुढच्या वळणावर ते उलट्या बाजूनं रस्त्यात घुसले. समोरून ट्रक. सुट्टीवर आलेला एक शिपाई शेजारी होता, त्यानं स्टिअरिंग ओढलं म्हणून सगळे वाचले."

"किल्ली काढून घे."

"घेतली होती. त्यांनी दोन वायरी जोडून सुरू केली. आग लागेल म्हणून शेवटी मीच किल्ली दोऱ्यात ओवून त्यांच्या गळ्यात बांधली."

"मग विकून टाक, बाई."

"विकली असं एकदा खोटंच सांगून बघितलं. गाडी मामांच्या अंगणात नेऊन ठेवली होती. दोन दिवस अन्नाला शिवले नाहीत. येणाऱ्या-जाणाऱ्याला हात धरून विचारत होते, माझी पोर कुणी पाहिलीत का? पोर म्हणजे गाडी. आणि मी समोर उभी होते, काका."

सिद्कीनं हातातलं फडकं खांद्यावर टाकलं.

"डॉक्टर म्हणतात, वाद घालू नका. गाडी डोळ्यांसमोर राहू दे, पण ती सुरू होऊ नये. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर बाबा ते तिथल्या तिथे शोधून काढतील. तुमचं काम त्यांना सापडणार नाही."

"संध्याकाळी चहाला येतो," सिद्की म्हणाला.

संध्याकाळी तो गेला. मगरिबच्या नमाजासाठी हाजी आतल्या खोलीत गेले तसा तो जिना उतरला. गल्लीत येऊन त्यानं प्यूजोचं बॉनेट उचललं, प्लगना ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची टोपी काढली आणि सिगारेटच्या पाकिटावरच्या पारदर्शक कागदाची नखाएवढी पट्टी दोन पॉइंटांच्या मध्ये सरकवली. टोपी परत बसवली. तेवढंच काम होतं. ती पट्टी सहजासहजी दिसत नाही आणि तिच्यातून करंट जात नाही. सेल्फ गरगर फिरतो, इंजिन काही पेट घेत नाही.

समोरच्या कॉफीच्या दुकानाच्या पायरीवरून बयूमीनं हाक मारली, "काय उस्ता, माणसं सोडून आता गाड्यांच्या कानात सांगायला लागलात?"

"तुझ्या कॉफीबद्दल तक्रार करत होती ती," सिद्की म्हणाला आणि वर गेला. चहा आला. समोर बसलेला माणूस त्याच्या पेल्यात स्वतःच्या हातानं साखर घालत होता.

सकाळी इनायतचा फोन आला. "या काका. सुरू होत नाही म्हणून तुमच्या नावानं ओरडतायत."

हाजी बाह्या सारून बॉनेटपाशी उभे होते. "ये, ये! सूर्य डोक्यावर आला तेव्हा उस्तांची स्वारी निघाली. तुझ्या भरवशावर राहिलो तर कैरोच उठून इकडं चालत येईल."

सिद्कीनं बोलायचं ठरवून ठेवलं होतं. "कॉइल गेली असणार, हाजी. जुनी कॉइल आता मिळत नाही. कैरोहून मागवतो, लागतील आठ-पंधरा दिवस." असे पंधरवडे वाढवत न्यायचे, हा त्याचा बेत होता.

"कॉइल?" हाजींनी त्याच्याकडे कीव येऊन पाहिलं. "न बघता कॉइल? वय झालं तुझं, सिद्की. बस आत. सेल्फ मार म्हटलं की मार."

सिद्की बसला. हाजींनी कॉइलची जाड वायर टोपीतून उपसली आणि तिचं टोक इंजिनच्या लोखंडाजवळ धरलं. "मार!" सेल्फ फिरला, ठिणगी पडली नाही. त्यांनी डिकीतून टेस्टिंगचा बल्ब काढला, एक टोक बॉडीला चिमटवलं, दुसरं कॉइलला टेकवलं. बल्ब पेटला. "करंट इथपर्यंत आहे. म्हणजे चोर पुढं बसलाय." त्यांनी डिस्ट्रिब्युटरची टोपी काढली, मान तिरकी करून आत पाहिलं आणि दोन बोटांनी ती पट्टी अलगद बाहेर ओढली. मग ती त्यांनी उन्हात धरली.

सिद्की गाडीतून उतरला.

हाजी मोठ्यानं हसायला लागले. "शाजली! कुत्र्याची औलाद! अजून याची खोड गेली नाही!"

शाजली त्याच रस्त्यावरचा दुसरा ड्रायव्हर होता. स्टँड गावाबाहेर हलण्याआधी, रेल्वे फाटकाजवळ होता त्या काळातला. तिथे गाड्या नंबरानं भरत आणि ज्याचा नंबर आला त्याची गाडी सुरू झाली नाही तर नंबर मागच्याला जाई. म्हणून मागचा पुढच्याची गाडी बिघडवायचा. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्याला कुणी चोरी म्हणत नसे. मारामारी करायची नाही, तक्रार न्यायची नाही, खोड शोधून काढायची आणि आपला नंबर घेऊन निघून जायचं, असा रिवाज होता. निघताना हॉर्न मात्र दाबून धरायचा. शाजलीला मूत्रपिंडाच्या दुखण्यानं जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्याच्या जनाज्याला खांदा द्यायला हाजी आणि सिद्की दोघेही होते.

"शाजलीच असणार," सिद्की म्हणाला.

हाजींनी टोपी आणि वायर परत बसवली आणि ते स्वतः स्टिअरिंगवर बसले. इंजिन पहिल्या सेल्फला सुरू झालं. हाजींनी हॉर्न दाबून धरला. बयूमी कपाळावर हात मारून आत गेला. आता ते गिअर टाकणार, हे सिद्कीला दिसत होतं. तो दारापाशी आला.

"उतरा, हाजी. ट्रायल घेतल्याशिवाय उस्ता गाडी ताब्यात देत नाही."

हाजी क्षणभर थांबले. पण कायदा तो कायदा. ते उतरून शेजारच्या सीटवर जाऊन बसले. सिद्कीनं गाडी नाईलच्या काठानं तलखाच्या पुलापर्यंत नेली आणि परत आणली. वाटभर हाजींचं तोंड चालू होतं. "गिअर टाकतोयस की कणीक तिंबतोयस? अरे, ब्रेकवर पाय आहे की तंगडी मोडून पडलीय? तुझ्यासारख्याला मी माझं गाढव दिलं नसतं." पुलाजवळ सिद्कीनं ताअमियाची गरम भजी भरलेले पाव घेतले आणि ते दोघांनी गाडीतच खाल्ले. घरी पोचल्यावर हाजी दमून झोपले ते दुपार टळेपर्यंत.

संध्याकाळी इनायतनं दार उघडलं तेव्हा तिचा चेहरा निराळाच होता. "आज जेवताना त्यांनी मला नावानं हाक मारली. भाजी आळणी झालीय म्हणाले." तिनं ओढणीनं नाक पुसलं. "खरंच आळणी झाली होती."

त्या दिवसापासून बेत बदलला. रोज संध्याकाळी सिद्की गाडी बिघडवायचा, रोज सकाळी हाजी खोड शोधायचे, मग सिद्की ट्रायल घ्यायचा आणि हाजी झोपायचे. गाडी रस्त्यावर जायची, पण तेव्हा स्टिअरिंगवर हाजी नसायचे.

सिद्कीनं स्टँडवरच्या साऱ्या जुन्या युक्त्या उकरून काढल्या. कॉइलकडून येणाऱ्या बारीक वायरीत त्यानं सुई अशी टोचून ठेवली की तिचं टोक लोखंडाला टेकेल आणि करंट वाटेतच गळेल. हाजींनी डोळे मिटून वायरीवरून बोट फिरवलं. सुई बोटात घुसली तसे ते रक्ताचा थेंब दाखवत म्हणाले, "बघ, शाजलीची सही!" त्यानं बॅटरीच्या अर्थिंगच्या पट्टीखाली कागद घातला. हाजींनी किल्ली फिरवली, दिवे मंद होऊन नुसता टक असा आवाज आला. त्यांनी एक जाड वायर बॅटरीपासून इंजिनला लावून धरली आणि सेल्फ खणखणीत फिरला. "बॅटरीला शिव्या घालू नकोस, तिचा पाय जमिनीला लागत नाहीये," ते म्हणाले. प्लगच्या दोन वायरींची अदलाबदल केली तेव्हा त्यांनी बॉनेटसुद्धा उघडलं नाही. इंजिन कार्बोरेटरमधून खोकलं, ते ऐकून आतूनच म्हणाले, "दोघी बहिणी एकमेकींच्या खाटेवर झोपल्यात. उठव त्यांना."

शेजाऱ्याला ते ओळखत नव्हते. दुपारची अस्र झाली की सांजेची मगरिब, हे विचारावं लागे. पण बॉनेटखाली वाकले की त्यांची पाठ सरळ वाटायची. सिद्कीचं रोज सकाळी गॅरेजमध्ये मन लागेना, फोनची वाट पाहत तो एकच नट पुन्हा पुन्हा आवळायचा. गाडी बंद राहावी म्हणून त्याला नेमलं होतं आणि ती आज सुरू व्हावी म्हणून तो मनातल्या मनात दुआ मागायचा.

उन्हाळा सरला, शाळा परत सुरू झाल्या. एका सकाळी बल्बचं एक टोक बॉडीला चिमटवून हाजी तसेच उभे राहिले. दुसरं टोक त्यांच्या हातात होतं. ते त्यांनी कॉइलला लावलं, काढलं, पुन्हा लावलं. बल्ब प्रत्येक वेळी पेटत होता.

"करंट इथपर्यंत आहे," सिद्की हळूच म्हणाला.

"दिसतंय मला." त्यांनी पुन्हा लावलं. मग बल्बकडे पाहत राहिले. कपाळावर घाम आला. "हे कशासाठी असतं रे?"

सिद्कीनं सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा तिथंच टोक लावलं. त्या दिवशी त्यांनी बल्ब रस्त्यावर आपटून फोडला आणि सिद्कीच्या डोळ्यांत बघत म्हणाले, "शाजलीनं तुला फितवलंय का?"

"नाही, हाजी."

"मग तुला कसं ठाऊक असतं, रोज?"

सिद्की वाकून बल्बच्या काचा गोळा करायला लागला. हाजी पायरीवर बसले आणि रडायला लागले. बयूमीनं न बोलता पाण्याचा पेला आणून ठेवला. गेल्या कित्येक वर्षांत त्याच्या तोंडून एकही टोमणा आला नाही असा तो पहिलाच दिवस असावा.

मग सिद्की खोड्या सोप्या करायला लागला. सुई नको, पट्टी नको. प्लगची एक वायर नुसती सैल करून ठेवायची. पेट्रोलचा पाइप निखळून लोंबू द्यायचा. हाजींना ते दिसायचं, तेवढ्यापुरती ओळख परत यायची, हॉर्न वाजायचा. पण ट्रायलच्या वेळी आता ते काही बोलत नसत. नदीकडे बघत बसत आणि पाव हातातच राहून थंड होई. सोप्या खोड्यासुद्धा सापडेनाशा झाल्या तेव्हा सिद्की कॉइलची जाड वायरच उपसून टोपीवर आडवी टाकून ठेवू लागला. बॉनेट उघडलं की डोळ्यांत भरेल अशी.

इनायतनं ते एकदा पाहिलं. जिन्यावर त्याला अडवून ती दबक्या आवाजात म्हणाली, "काका, हे शेंबडं पोर पण जोडेल. तुम्ही गाडी बंद ठेवताय की बाबांना खेळवताय?"

"त्यांना काहीतरी सापडायला हवं, पोरी."

"सापडलं आणि तुम्ही इथं नसलात तर?"

"मी असतोच."

"मी तुमच्याकडे काय मागितलं होतं, आठवतंय का?"

त्याला आठवत होतं. उद्यापासून काहीतरी अवघड करू, असं म्हणून तो निघाला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बॉनेट उघडून तो पॉइंटांपर्यंत पोचला, पट्टी बोटांत धरली आणि खिशात परत ठेवली. वायर उपसून टोपीवर आडवी टाकली.

पहाटेची फजरची बांग होऊन थोडाच वेळ झाला होता तेव्हा त्याचा फोन वाजला. इनायत एवढंच म्हणाली, "गाडी नाहीये."

आदल्या दिवशी उतरवलेला सदरा घाईत अंगात अडकवून तो बाहेर पडला. ओळखीचा एक टॅक्सीवाला घेतला. आधी ते गावाबाहेरच्या नव्या स्टँडवर गेले. तिथं मिनीबस भरत होत्या, जुनी प्यूजो कुणी पाहिली नव्हती. मग कैरोच्या रस्त्याला लागले. सिद्की कडेच्या कालव्याच्या पाण्यात बघत होता, घोळका दिसला की टॅक्सीवाल्याच्या दंडाला धरत होता. एका ठिकाणी खरोखरच माणसं जमली होती. एक म्हैस कालव्यात घसरली होती. मीत घम्रच्या चौकीवर त्यानं विचारलं. शिपायानं जांभई देत सांगितलं, अशी गाडी गेली असती तर लक्षात राहिली असती, आमच्याकडं आता असल्या गाड्या लग्नाच्या वरातीतच दिसतात.

परतताना त्यानं टॅक्सी रेल्वे फाटकाकडे घ्यायला सांगितली.

जुन्या स्टँडच्या जागी नगरपालिकेनं बाग केली होती. कडेला मोबाईलची आणि चपलांची दुकानं होती, ती अजून उघडायची होती. बागेच्या कुंपणाला लागून प्यूजो उभी होती. चारही दारं उघडी. तोंड कैरोच्या दिशेला, मागून येणाऱ्यासाठी बरोब्बर एका गाडीची जागा सोडलेली.

सिद्की टॅक्सीतून उतरला आणि आधी गाडीच्या पुढं गेला. त्यानं बंपर पाहिला, दोन्ही दिवे पाहिले, वाकून चाकांमागं पाहिलं. एका बाजूला हिरव्या रंगाचा लांब ओरखडा होता, भाजीच्या हातगाडीचा असावा. दुसरं काही नव्हतं. आपण माणसाकडे बघायच्या आधी बंपरकडे बघितलं, हे त्याला सरळ उभं राहिल्यावर जाणवलं.

हाजी स्टिअरिंगवर बसून फडक्यानं समोरची काच आतून पुसत होते. किल्ली फिरवलेलीच होती, तांबडा दिवा जळत होता, इंजिन बंद होतं. पेट्रोलचा काटा पार खाली आडवा झाला होता. पहाटेपासून गाडी गरम ठेवत ते नंबराची वाट बघत बसले असणार, टाकीतला शेवटचा थेंब जळेपर्यंत.

"सलाम अलैकुम, हाजी."

"वालेकुम सलाम. या साहेब, या. कैरो ना? पुढची सीट मोकळी आहे. तुमच्या नशिबानं खिडकीची मिळतेय." हाजी अदबीनं हसले. "जरा थांबावं लागेल पण. गाडी अडून बसलीय."

सिद्कीनं दाराची कड धरली. "काय झालंय तिला?"

"अल्लाला ठाऊक. चांगली चालत होती, आपोआप गप झाली." त्यांनी किल्ली फिरवली. सेल्फ फिरला, दमत चालला होता. समोर आडवा पडलेला काटा त्यांच्या नाकासमोर होता. त्यावरून त्यांची नजर गेली आणि पुढं निघून गेली. "बघा. असंच करतेय मघापासून."

"बॉनेट उघडून बघू का?"

"नको, नको. राग मानू नका साहेब, पण या गाडीला परका हात लावू देत नाही मी. माझा उस्ता येतोय."

"कोण उस्ता?"

"सिद्की. नाव ऐकलं नाहीत? मग तुम्ही इकडचे नव्हेत. अख्ख्या मन्सूरात तसा माणूस नाही. बोलायला आळशी आहे, उठायला उशीर करतो, पण मेलेलं इंजिन बोलतं करील."

"हाजी," सिद्की म्हणाला, "मीच सिद्की."

हाजींनी त्याला नीट न्याहाळलं. पांढरे केस, दोन दिवसांची दाढी, चुकीच्या काजांत बटणं अडकवलेला सदरा. मग ते खळखळून हसले. "तुम्ही? अहो साहेब, सिद्कीचे केस काळेभोर आहेत. तुम्ही तर माझ्या बापापेक्षा म्हातारे दिसता." आणि लगेच त्यांना वाटलं असावं की सवारी दुखावली, म्हणून त्यांनी सिद्कीच्या हातावर हात ठेवला. "अल्ला तुम्हाला उदंड आयुष्य देवो. थट्टा केली हो."

"थट्टाच केलीत," सिद्की म्हणाला.

तो चार पावलं बाजूला गेला, बागेच्या कठड्यापाशी उभा राहिला आणि त्यानं फोन लावला. पहिली घंटा पुरी व्हायच्या आत इनायतनं उचलला.

"सापडले. जुन्या स्टँडवर आहेत. कुणाला काही झालेलं नाही."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग तिनं विचारलं, "गाडी चालू आहे का?"

"नाही. बंद पडलीय."

"म्हणजे काल तुम्ही काहीतरी..."

"नाही. मी केलेलं त्यांनी जोडलं. पेट्रोल संपलंय."

"पेट्रोल," इनायत म्हणाली. ड्रायव्हरची मुलगी होती ती. टाकीचा काटा वाचायला ती अक्षरांच्या आधी शिकली होती. "आणि त्यांना ते कळलं नाही?"

"नाही."

"काट्याकडे बघितलं त्यांनी?"

"बघितलं."

 मग नेहमीच्या, शाळेत हजेरी घेतात तशा आवाजात म्हणाली, "मी निघते. तुम्ही त्यांच्याजवळ बसा, काका. आता काही बिघडवायची गरज नाही." फोन बंद झाला.

टॅक्सीवाल्यानं खिडकीतून डोकं काढलं. "उस्ता, पेट्रोल आणून देऊ का डबाभर? पंप इथंच आहे."

सिद्कीनं मान हलवून नको म्हटलं आणि त्याला जायला सांगितलं.

तो परत आला तेव्हा हाजी रस्त्याच्या टोकाकडे बघत होते. शाळेला निघालेल्या मुली कुंपणाजवळून गेल्या. एक म्हातारी टोपली घेऊन थांबली, उघड्या दारांच्या गाडीकडे तिनं पाहिलं आणि पुढं गेली.

"किती वेळ थांबायचं, हाजी?" सिद्कीनं विचारलं.

"तो येईपर्यंत. येतोच तो. आजवर आला नाही असं झालं नाही. तुम्हाला घाई आहे का?"

"नाही."

"मग बसा ना आत. उन्हात कशाला उभे?"

सिद्की फिरून पलीकडच्या बाजूला गेला आणि पुढच्या सीटवर बसला. या प्यूजोचं ते दार बिजागरीत खचलेलं होतं. थोडं उचलून, जोरात ओढल्याशिवाय ते लागत नसे. अनोळखी सवारीला हे ठाऊक असायचं कारण नव्हतं. त्यानं ते साधंच ओढलं. दार नीट लागलं नाही, फटीतून रस्ता दिसत राहिला.

"राहू द्या, साहेब. नवीन माणसाला जमत नाही ते," हाजी म्हणाले. त्याच्या अंगावरून हात लांबवून त्यांनी दार उघडलं, थोडंसं उचललं आणि धाडकन ओढून लावून दिलं.